दगड बसेपर्यंत

दगड हातातून सुटला तेव्हा फारसा आवाज झाला नाही. पाण्यात तो आधी थोडा कलला, मग सावकाश खाली गेला, आणि तळाच्या वाळूचा पांढुरका ढग वर येऊन सगळं झाकून बसला. योगिनी स्टुलावर उभी होती, माशांच्या टाकीवर वाकलेली, उजवा हात कोपराच्या वरपर्यंत खाऱ्या पाण्यात. हात अजून तसाच होता, दगड धरल्यासारखा. गढूळ पाण्यात तिला आपली बोटं दिसत नव्हती, पण जाणवत होती. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, हळू, एका लयीत, जपमाळ ओढावी तशी. योगिनी स्वतः काही करत नव्हती. ती फक्त बघत होती, आणि बघण्यासारखं काही दिसत नव्हतं.

"काय पडलं गं?" स्वयंपाकघरातून नवऱ्याने, महेंद्रने, विचारलं.

"काही नाही. दगड घसरला."

घसरला, असं ती म्हणाली. सुटला असं म्हणाली नाही. दोन शब्दांतलं अंतर तिला उच्चारतानाच कळलं, आणि आपण ते इतक्या सहज ओलांडलं याचं तिला नवल वाटलं. भाजी परतण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. तिने हात बाहेर काढला, टॉवेलने पुसला, आणि पुसताना तो नेहमीसारखा होता: दातांच्या डॉक्टरचा हात, नखं कापलेली, मनगट बारीक, कुणाच्याही तोंडात जाऊन काम करून अलगद परत येणारा. काहीच नव्हतं. पाणी गार होतं. सकाळपासून ती उभी होती, दगड जड होता, नाश्ता नीट झाला नव्हता. एवढी कारणं हाताशी होती की त्यातलं एक तरी खरं असायला हवं होतं.

टाकी तिची होती. महेंद्रला माशांत रस नव्हता, आणि आतल्या दगडांची तर त्याला किळसच होती, कारण त्यांच्या छिद्रांतून कधीकधी केसाळ किडे डोकं बाहेर काढत. हॉलच्या भिंतीला लागून ती लांब काचेची टाकी होती आणि शेजारच्या खिडकीतून खाली कोलशेतची खाडी दिसायची. घरी येणारे हमखास म्हणायचे, एवढी खाडी समोर असताना पाकिटातलं मीठ विकत आणून पाण्यात कसलं विरघळवता डॉक्टर. ती हसायची. खाडीच्या पाण्यात काय काय मिसळलेलं असतं हे सांगत बसायची नाही. दगड समुद्रातले होते, भोकाभोकांचे, जांभळट पापुद्रा चढलेले. पाण्याबाहेर फार वेळ ठेवले तर आतलं सगळं मरायचं. इतकी वर्षं ते मागच्या काचेला टेकून एकावर एक नुसते रचलेले होते, गोण्या रचाव्यात तसे, आणि मागे घाण साठत होती, पाणी खेळत नव्हतं. म्हणून या रविवारी तिने मासे टबात काढले, अर्धं पाणी उपसलं, ढीग मोडला आणि नवी रचना करायला घेतली. दोन बाजूंना दोन पाय, वर एक लांबट दगड, मधून पाणी आणि मासे जातील एवढी मोकळी कमान. पायांच्या माथ्यावर पाण्यातही घट्ट होणारी पुट्टी मळून लावायची, वरचा दगड बसवायचा आणि पुट्टी धरेपर्यंत हलू न देता धरून ठेवायचा. दगड उचलताना हात स्थिर होता. बसवतानाही. मग नुसतं धरून ठेवायचं होतं, काहीच करायचं नव्हतं, आणि तेव्हा ते सुरू झालं.

हेच तिला छळत राहिलं. काम करताना हात कापला असता तर ती इतकी घाबरली नसती. थकव्याने, चहाने, काळजीने काम करताना हात कापतातच. पण काम थांबल्यावर, हात विसावल्यावर येणारा कंप वेगळा असतो, हे तिला कॉलेजात तिसऱ्या वर्षी कळलं होतं. वॉर्डात सरांनी एका म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून हात मांडीवर ठेवायला सांगितले होते आणि मुलांना म्हणाले होते, आता कुणी बोलू नका, नुसतं बघा. सगळे बघत होते. म्हाताऱ्याचा अंगठा हळूहळू चालू लागला. तसे हात योगिनी रोज घरी पाहत होती. त्याच आठवड्यात ती बाबांना घेऊन हॉस्पिटलात गेली होती आणि डॉक्टरांनी बाबांना चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली आणि कागदावर एक लांब नाव लिहिलं. बाबांनी तो कागद चौकोनी घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "चल, उसाचा रस पिऊ."

बाबांचं, म्हणजे मारुती मास्तरांचं, कामच हाताचं होतं. शाळेतले मास्तर नव्हते ते. अक्षर चांगलं म्हणून सगळे मास्तर म्हणायचे. ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत ते गाड्यांच्या पाट्या रंगवत. ती वाचायला शिकली ती त्या पाट्यांवर: देवरुख, गुहागर, अक्कलकोट, शिरूर. पत्र्याच्या शेडमध्ये टर्पेंटाइनचा वास असायचा आणि बाबा उकिडवे बसून एका दमात शिरोरेषा ओढत. श्वास रोखून. रेषा संपली की मगच श्वास सोडत आणि तिच्याकडे बघत, झाली का सरळ, अशा अर्थाने. मग कधीतरी ते उजव्या मनगटाखाली काठी धरून रंगवायला लागले. मग छापलेले स्टिकर आले आणि डेपोने पेंटरचं काम बंद केलं. बाबा स्टोअरला गेले, नटबोल्ट मोजायला. "मशीन आलं, माणूस गेला," ते सगळ्यांना सांगायचे, जवळजवळ हसत. घरात हीच गोष्ट होती. ती पुढे आपल्या नवऱ्यालाही तिने अशीच सांगितली होती. तेव्हा बाबांचं वय काय असेल? तिने टबातल्या माशांकडे बघत हिशेब केला आणि मध्येच सोडून दिला, कारण उत्तर तिच्या आत्ताच्या वयाच्या फार जवळ येत होतं.

त्या दुपारी तिने कमान केली नाही. दगड वाळूवर नुसते सुटे ठेवले, पाणी भरलं, मासे सोडले. मासे पंपामागे जाऊन बसले. त्यांना लपायला जागा उरली नव्हती.

सोमवारी दवाखान्यात सगळं नेहमीसारखं होतं, आणि तेच तिला सोसवत नव्हतं. एक दाढ भरली, एका कॉलेजच्या मुलीच्या तारा घट्ट केल्या. हात चालत होता तोवर चालत होता. दोन कामांच्या मधे ती हात एप्रनच्या खिशात घालायची. तिला आठवलं, बाबाही उभे असताना उजवा हात खिशात ठेवत आणि घरात सगळे म्हणायचे, बाबा साहेबासारखे उभे राहतात. तिने हात बाहेर काढला. मग काय करावं न सुचून पुन्हा आत घातला. तिची असिस्टंट हेमा अवजारं उकळायला लावत होती, पाठमोरी, तरी योगिनीला वाटलं ती बघते आहे. खुर्चीवरच्या दिव्याच्या चकचकीत कडेत, सिंकवरच्या आरशात, मोबाइलच्या काळ्या काचेत सगळीकडे तिला आपला हातच दिसत होता. अख्खं अंग आपलं, आणि त्यातला एवढाच तुकडा कुणीतरी आणून जोडल्यासारखा.

मग रखमाबाई आल्या. कोलशेत गावातल्या, खाडीकडच्या घरातल्या, ठसठशीत कुंकवाच्या, बोलघेवड्या. कवळीसाठी माप घ्यायचं होतं. योगिनीने धातूच्या छोट्या ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरला, ट्रे त्यांच्या तोंडात बसवला आणि धरून उभी राहिली. इथेही काही करायचं नसतं. लगदा घट्ट होईपर्यंत नुसतं धरायचं. तिने खिडकीबाहेर बघितलं, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणी गाद्या वाळत घातल्या होत्या, लाल फुलांच्या. मनात म्हणाली, बघू नकोस, बघितलंस की येतं. आणि तिच्या बोटांतून ट्रेमध्ये आणि ट्रेमधून रखमाबाईंच्या हिरड्यांत ते गेलं. रखमाबाईंचे डोळे तिच्याकडे वळले. त्यांना बोलता येत नव्हतं. दोघी तशाच राहिल्या, एकीचं तोंड उघडं, दुसरीचं मिटलेलं, आणि मधे तो बारीक थरथरता धातू. माप फिसकटलं. काठ सगळे हललेले आले.

चूळ भरून रखमाबाई म्हणाल्या, "बाय, जेवलीस का नाय तू? हात कापतंय तुजा."

"जेवले की."

"कुठं जेवली. तोंड बग कसं झालंय. मी वालाची भाजी घेऊन येते उद्या."

हेमाने मान वर केली होती. योगिनी म्हणाली, मटेरियल खराब निघालंय, माप पुन्हा घेऊ, तुम्ही परवा या. हे तिसरं खोटं होतं की चौथं, तिला कळेना. पण भीती खोट्याची नव्हती. उद्या हातात सुई असेल. सुई टोचून औषध हळूहळू सोडायचं असतं, हात तिथेच ठेवून. तिथेही वाट बघायची असते. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपलं काम म्हणजे घासणं, कोरणं, ओढणं. आता दिसत होतं की निम्मं काम नुसतं थांबण्याचं होतं.

त्या आठवड्यात सुईची आणि मापाची कामं ती पुढे ढकलत राहिली, आणि संध्याकाळी घरी आली की टाकीत हात घालायची. दगड पुन्हा रचायची. पुट्टी न लावता, दोन बाजूंना पाय, वर लांबट दगड, आणि धरून उभी राहायची. किती वेळाने सुरू होतं हे तिला बघायचं असायचं. आणि कधीकधी ते सुरूच व्हायचं नाही, तेव्हा तिला इतका आनंद व्हायचा की ती आपणहून हात काढून घ्यायची, पुढे बघायचंच नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी ते हमखास यायचं. तिने डाव्या हाताने करून बघितलं. दंड टाकीच्या काठावर टेकवून बघितलं. मोबाइलवर काही शोधायचं मात्र तिने टाळलं. तिला सगळं माहीत होतं आणि माहीत असलेलं पुन्हा वाचायचं नव्हतं. पाणी सारखं गढूळ राहायला लागलं. दोन केशरी मासे खायला वर यायचे, तिसरा, वाळूत बीळ करून राहणारा, दिसेनासा झाला. तो दगडाखाली चिरडला असेल या विचाराने ती एका सकाळी दवाखान्यात जायच्या आधी अख्खी वाळू चाळत बसली. मासा सापडला, पंपाच्या जाळीमागे, जिवंत, रंग उडालेला. तिने त्याला ओंजळीतून सोडलं आणि मग तिथेच जमिनीवर बसून राहिली.

"कालची रचना चांगली होती की," महेंद्र म्हणाला. तो चहा घेऊन मागे उभा होता. "रोज का मोडतेस?"

"पक्की नव्हती."

"तुला बरं नाहीये का?"

"कशाला बरं नसेल?"

महेंद्र डोंबिवलीच्या एका कंपनीत सेफ्टीचं बघायचा. कुठे वायर उघडी आहे, कुठे झाकण नाही, हे त्याला दारातून दिसायचं. तिला वाटलं, याला दिसलंय. मग वाटलं, दिसलं असतं तर बोलला असता. मग वाटलं, आपल्या घरात कुणी कुठे बोलतं. त्याने चहाचा कप तिच्या हाताशी न देता शेजारी जमिनीवर ठेवला आणि आंघोळीला गेला. कप असा खाली का ठेवला? यावर ती दिवसभर विचार करत राहिली.

शनिवारी दुपारी दवाखाना बंद करून ती आईकडे निघाली. आई, विमलाबाई, डोंबिवली पश्चिमेला राहायची. बाबांनी रिटायर होताना घेतलेलं ते छोटं घर. माणकोलीच्या पुलावर गाडी आली तेव्हा खाली खाडी भरलेली होती, मातकट, सपाट. योगिनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून होती. काय विचारायचं ते तिने ठरवलं नव्हतं. आई, बाबांचं कसं सुरू झालं, एवढंच विचारायचं होतं, पण हा प्रश्न आत्ता, इतक्या वर्षांनी, कुठल्या निमित्ताने निघणार? आईला बाकी सगळं कमी ऐकू यायचं, पण निमित्त बरोबर ऐकू यायचं.

आईने चहा केला. कप अर्धाच भरला. आईच्या घरी कप अर्धाच असतो. महेंद्र लग्नानंतर कितीतरी दिवस याला कंजूषपणा समजत होता. बाबांच्या हातून सांडायचा म्हणून पडलेली ती सवय, बाबा गेले तरी राहिलेली.

"आई, डेपोत स्टिकर कधी आले गं?" ती म्हणाली. हे विचारायचं तिच्या मनातही नव्हतं.

आईने तिच्याकडे बघितलं. "का?"

"असंच. बाबांचं रंगकाम तेव्हा गेलं ना."

आईने बशीतल्या चहावर फुंकर घातली. "स्टिकर मागाहून आले," ती म्हणाली. "त्यांनी आधीच साहेबांना सांगून स्टोअरला बदली मागून घेतली होती. पाट्या परत यायला लागल्या होत्या. मला डेपोतल्या बाईंनी सांगितलं, ह्यांनी नाही."

"मग आम्हाला का सांगितलं तसं?"

"तुम्हाला कुठं, मलासुद्धा तेच सांगितलं. आणि मी हो म्हटलं." आईने बशी खाली ठेवली. "तू कागद घेऊन आलीस ना हॉस्पिटलातून, त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांना ठाऊक होतं. मलाही. जुन्या घरी चहा घेऊन ते गॅलरीत जायचे, एकटे, पाठ करून. मी आत बसून राहायचे. वाटायचं, आपण बाहेर गेलो तर त्यांना लाज वाटेल. एवढी वर्षं मी त्यांची लाज सांभाळली." तिने बशी बाजूला सरकवली. "राग येतो मला आता. कुणाचा म्हणशील तर सांगता नाही येणार. नवरा-बायको होतो आम्ही, आणि मधे एक दार."

योगिनीचा हात मांडीवर होता, ओढणीखाली. ती ओढणी धरून बसली. गॅलरीत पाठमोरे बाबा तिला दिसत होते. लहानपणी तिला वाटायचं, त्यांना रस्त्यावरची रहदारी बघायला आवडते. तेवढीच गोष्ट खरी होती तिच्यासाठी. आता त्या पाठीला पुढची बाजूही आली.

निघताना आई दारापर्यंत आली. चपला घालताना योगिनीचा तोल जरा गेला आणि आईने तिचा दंड धरला, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ.

"महेंद्रला सांगितलंस का?"

"काय?"

"जे काय असेल ते," आई म्हणाली, आणि दंड सोडून दिला. "उजेड आहे तोवर नीघ. पुलावर ट्रक असतात."

गाडीत बसल्यावर तिने हेमाला फोन लावला. सोमवारपासूनच्या सगळ्या अपॉइंटमेंट पुढे ढकल, म्हणाली. दुखतंय म्हणणाऱ्यांना दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर दे. हेमा म्हणाली, "मॅडम, रखमाबाईंना काय सांगू? त्या भाजी घेऊन दोनदा येऊन गेल्या."

"सांग, माझ्या हाताला बरं नाहीये. तपासून घेतेय."

वाक्य बोलून झालं होतं. ते इतकं साधं निघालं. तिने फोन खाली ठेवला. वाटलं, आता हे खरं झालं. आत्तापर्यंत ते फक्त पाण्याखाली होतं. दुसरा फोन तिने आपल्या कॉलेजच्या एका मैत्रिणीला केला, जिचा नवरा मेंदूचा डॉक्टर होता. मैत्रिणीने फार विचारलं नाही. बुधवारी ये, म्हणाली.

घरी महेंद्र टीव्ही न लावता बसला होता. खिडकीत संध्याकाळ होती आणि टाकीचा निळसर दिवा हॉलभर पसरला होता. दगड वाळूत इकडेतिकडे पडले होते.

"शर्टाची बाही वर कर," ती म्हणाली. "हात घालायचाय आत."

"मी? त्यात किडे आहेत."

"हातमोजा देते."

रबरी हातमोजा चढवून तो स्टुलावर उभा राहिला, तोंड वाकडं करून, अंग शक्य तितकं लांब ठेवून. तिने पुट्टी मळली, शेजारी खुर्चीवर चढून दगडांचे दोन पाय उभे केले, त्यांच्या माथ्यावर ती दाबून लावली आणि लांबट दगड उचलून वर ठेवला. उचलताना हात स्थिर होता. "इथे धर. दाबू नकोस, नुसतं धर. हलला तर सगळं परत."

"किती वेळ?"

"मी सांगते तोपर्यंत."

तो धरून राहिला. ती खाली उतरली, हात पुसला, आणि त्याचा दुसरा, मोकळा हात ओढून घेऊन त्याच्या तळव्यावर आपला उजवा हात ठेवला. तळवा वर, बोटं सैल. थोडा वेळ काहीच झालं नाही आणि तिला वाटलं, आज येणारच नाही, आणि मग आपण काय सांगणार. महेंद्र गोंधळून तिच्याकडे बघत होता. मग अंगठा चालू लागला.

तो बघत राहिला. त्याला हात काढून घेता येत नव्हता, दगडावरचाही नाही आणि हाही नाही.

"कधीपासून?"

"नक्की माहीत नाही. दगड पडला त्या दिवशी कळलं."

"बाबांना होतं, ते?"

"असू शकतं. नसूही शकतं. बुधवारी दाखवायचंय." तिचा आवाज कोरडा होता, पेशंटला सांगावं तसा. "दवाखाना बंद ठेवलाय तोवर. सुई धरायची भीती वाटते मला, महेंद्र."

त्याने बोटं मिटली. तिचा हात त्याच्या मुठीत थांबला नाही. आत चालूच राहिला, आणि त्याने मूठ घट्ट केली नाही. टाकीतला बिळातला मासा दगडाच्या पायाशी आला, वाळू उकरू लागला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिली, कारण एकमेकांकडे बघणं अवघड होतं.

"सोड आता," ती शेवटी म्हणाली.

त्याने बोटं दगडावरून एकेक उचलली. कमान राहिली. तो स्टुलावरून उतरला, हातमोजा उलटा काढून सिंकमध्ये टाकतो म्हणाला आणि आत गेला. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला. योगिनी टाकीसमोर उभी राहिली. पाणी खळाळत होतं, भांड्याचा आवाज नव्हता, काही धुतल्याचा आवाज नव्हता. महेंद्र दात घासतानाही नळ बंद ठेवणारा माणूस. नळ चालूच राहिला. तिला कळलं की तो तिथे पाठ करून उभा असेल.

ती आत गेली.